कुठल्या विहिरीपर्यंत पाणी आलंय?

अगं, काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. हाताला पीठ, फोन खांद्यात धरलेला, आणि तू रडकुंडीला येऊन सांगतेस, "अक्का, लॅपटॉपला वायफाय लागेना. सीईटीची ऑप्शन एंट्री कशी करू?" मी विचारलं, "लागेना म्हणजे नेमकं काय होतंय?" तू म्हणालीस, "काहीच होईना." तेवढ्यात फोन कटला आणि तव्यावरची भाकरीही करपली.

आज निवांत लिहिते. घाईत सांगितलेलं तू तेवढ्यापुरतं करशील आणि पुढच्या वेळी पुन्हा शेजारच्या मोबाइल दुकानातल्या पोराला हाक मारशील. तो येईल, दोन मिनिटांत काहीतरी दाबेल आणि निघून जाईल. त्यानं काय दाबलं ते तुला कळणार नाही. शिवाय तुझ्या घरच्या वायफायचा पासवर्ड त्याला ठाऊक होईल, तो वेगळाच. मी हे सगळं करून बसलेय, म्हणून सांगते.

नौबादची सुरंग बावी आठवते का? तू शाळेत होतीस, आपण सगळे बघायला गेलो होतो. माळावर ठरावीक अंतरानं विहिरीसारखी तोंडं, आणि जमिनीखाली ती सगळी जोडणारा एक लांबलचक बोगदा. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, इराणी पद्धतीनं खोदलेला. संभाजीनगरची नहर-ए-अंबरी पुस्तकात वाचली असशील, तिच्याच घराण्यातली ही. आपल्याकडचा लाल जांभा पाणी झिरपू देतो, खालचा काळा दगड ते अडवतो. ते अडलेलं पाणी हलक्या उतारानं वस्तीपर्यंत आणायचं, एवढी साधी युक्ती. पण मला त्यातली तोंडं फार आवडली. त्यांतून बोगद्यात हवा जाते, उजेड जातो, गाळ काढायला माणूस उतरतो. आणि शेवटी पाणी आलं नाही, तर एकेका तोंडातून वाकून बघता येतं की पाणी कुठवर आलंय आणि कुठे अडलंय.

वायफायचंही तसंच समज. तुझ्या लॅपटॉपपासून कॉलेजांचे पर्याय भरायच्या त्या ऑप्शन एंट्रीच्या पानापर्यंत पाच-सहा विहिरी आहेत. "नेट नाही" म्हणून कपाळाला हात लावू नको. वाकून बघ.

सुरुवात मधल्या विहिरीपासून कर. तुझा फोन घे, मोबाइल डेटा बंद कर आणि त्याच वायफायला जोड. फोनवर सगळं चालत असेल तर घरातली नेटची पेटी, म्हणजे राउटर, आणि बाहेरची लाइन दोन्ही ठीक आहेत, गडबड लॅपटॉपात आहे. फोनवरही चालत नसेल तर लॅपटॉपाला हात लावू नको, त्याचा काही दोष नाही. या एका तपासणीनं निम्मं काम होतं. मी हे शिकले त्याच्या आधी तीनदा लॅपटॉप फॉरमॅट करून घेतला होता, दर वेळी पैसे मोजून. दोष होता बाहेरच्या वायरीत.

समज, दोष लॅपटॉपात निघाला. पहिली विहीर म्हणजे त्याचं स्वतःचं वायफाय चालू आहे का. खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ नेटची खूण असते, तिच्यावर क्लिक कर. तिथे विमानाचं चित्र पेटलेलं दिसलं तर ते आधी विझव. तुझा लॅपटॉप हैदराबादहून आणलेला, सेकंडहँड. असल्या जुन्या लॅपटॉपांना कधी कधी कडेला वायफायचं छोटं सरकतं बटण असतं, नाहीतर वरच्या ओळीतल्या एखाद्या बटणावर मनोऱ्याचं किंवा विमानाचं चित्र असतं. ते एफ-एन बटणासोबत दाबलं की वायफाय चालू-बंद होतं. पुसता पुसता हाताखाली दाबलं जातं आणि पत्ताही लागत नाही.

वायफाय हा शब्दच कुठे दिसत नसेल तर लॅपटॉपाला आपल्या आत वायफायचं कार्ड आहे हेच उमगलेलं नाही. विंडोजच्या खुणेवर उजवं क्लिक कर, "डिव्हाइस मॅनेजर" उघड, त्यात "नेटवर्क अडॅप्टर्स" बघ. नावापुढे पिवळा त्रिकोण असेल किंवा नावच नसेल, तर ड्रायव्हर टाकावा लागेल. ड्रायव्हर म्हणजे त्या कार्डाशी कसं बोलायचं हे विंडोजला सांगणारा दुभाषा. आता तू म्हणशील, ड्रायव्हर उतरवून घ्यायला नेट पाहिजे आणि नेटसाठी ड्रायव्हर पाहिजे, मग करू कसं? फोन चार्जिंगच्या वायरीनं लॅपटॉपाला जोड आणि फोनच्या सेटिंगमध्ये "यूएसबी टेदरिंग" चालू कर. फोनचं नेट वायरीतून लॅपटॉपात येतं, वायफायची गरज पडत नाही. मग लॅपटॉप ज्या कंपनीचा असेल तिच्याच साइटवरून ड्रायव्हर घे. भलत्याच ठिकाणच्या "फ्री ड्रायव्हर"च्या नादी लागू नको.

दुसरी विहीर: यादीत तुमच्या वायफायचं नाव दिसतं का? शेजाऱ्यांची नावं दिसतात आणि आपलंच दिसत नाही, असं होतं. तुमच्याकडे त्या नेटवाल्यानं दोन नावं करून दिली असतील, एक साधं आणि एक मागे "५जी" लावलेलं. हे ५जी म्हणजे मोबाइलचं फाइव्ह जी नव्हे, बरं का. निम्मं भालकी गाव याच घोळात आहे. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा, आणि साधं नाव २.४ गिगाहर्ट्झचं. पाचचा वेग जास्त, पण भिंत आली की दमतो. अडीचच्या आतला हळू, पण भिंती ओलांडून लांब जातो. काही जुन्या लॅपटॉपांना पाचचा पट्टा कळतच नाही, म्हणून ते नाव यादीत येत नाही. तू साध्या नावाला जोड. ऑप्शन एंट्रीला वेग लागतो कुठे?

आणि भिंतीवरून आठवलं. आमचं जुन्या गावातलं घर तू पाहिलंस, हातभर रुंद भिंती, सगळा जांभा. नेट घेतलं तेव्हा ती पेटी कुठे ठेवायची यावरून चर्चा झाली. मला सुचलं देवळीत ठेवू, समईशेजारी छान बसेल. खरंच छान बसली. पण तीन बाजूंनी दगड, पुढे मी हौसेनं ठेवलेली बिदरी सुरई, आणि स्वयंपाकघरात फोनला एक काडी रेंज. पावसाळ्यात भिंती भिजल्या की तीही जायची. धातू लहरींना परतवतो, ओला दगड त्या पिऊन टाकतो, आणि मी दोन्ही गोष्टी पेटीच्या अंगावर आणून ठेवल्या होत्या. मग वायर वाढवून घेतली आणि पेटी मधल्या खोलीत दारावरच्या फळीवर उघडी ठेवली. त्याच पेटीची रेंज आता चुलीपर्यंत येते. तुमच्याकडेही ती टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर असेल तर बाहेर काढ. उंचावर, उघड्यावर, घराच्या मध्याकडे ठेव. दिसायला बरी दिसणार नाही, चालेल.

तिसरी विहीर पासवर्डची. टाइप करताना शेजारी डोळ्याची खूण असते, ती दाबून आपण काय लिहिलं ते बघ. शून्य आणि ओ, एक आणि एल यांत भलेभले फसतात. नव्या जोडणीचा पासवर्ड बहुधा पेटीच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. कुणी पासवर्ड बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच डोक्यात धरून बसतो आणि जोडायला नकार देतो. अशा वेळी सेटिंग्जमध्ये "नेटवर्क अँड इंटरनेट", त्यात "वायफाय", त्यात "मॅनेज नोन नेटवर्क्स" इथे जा, तुमच्या नावापुढे "फरगेट" कर आणि नव्यानं जोड. माणसांच्या बाबतीतही कधी कधी हेच करावं लागतं, पण ते असो.

चौथी विहीर जरा अवघड, पण बघून ठेव. पासवर्ड बरोबर, जोडलंही गेलं, तरी नावाखाली "नो इंटरनेट" असं लिहून येतं. जोडणाऱ्या प्रत्येकाला पेटी एक नंबर देते, शाळेतल्या हजेरीच्या नंबरासारखा. तो मिळाला नाही तर लॅपटॉप स्वतःच एक नंबर घेऊन बसतो, आणि त्या नंबराची सुरुवात १६९.२५४ अशी असते. वायफायच्या "प्रॉपर्टीज"मध्ये खाली "आयपीव्ही४ ॲड्रेस" म्हणून तो दिसेल. १६९ दिसला की समज, पेटीनं हजेरी घेतलेली नाही. पेटीचं बटण बंद कर, अर्धा मिनिट थांब आणि चालू कर. दोन-तीन मिनिटं तिला उठायला दे, लगेच पुन्हा बंद करू नको. नंबर १९२.१६८ नं सुरू होत असेल तर ही विहीर भरलेली आहे, पुढे चल.

पाचवी विहीर घराबाहेर आहे. तुमच्याकडे फायबर आलंय ना? त्या पेटीवर बारीक दिवे असतात. त्यात "लॉस" (एल-ओ-एस) अशा तीन इंग्रजी अक्षरांचा दिवा आहे, तो एरवी विझलेला असतो. तो लाल पेटला किंवा लुकलुकला म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच थांबला. फायबर ही काचेची केसाएवढी तार असते. कुणी ती खिळ्याला करकचून गुंडाळली, उंदरानं कुरतडली किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीनं उचकटली, की संपलं. मग लॅपटॉप कितीही वेळा बंद-चालू कर, काही होणार नाही. सरळ तक्रार नोंदव. फोनवर बेंगळूरूकडचा माणूस येतो आणि भरभर विचारतो, "केंपु लाइट बर्तिदेया?" घाबरायचं नाही. केंपु म्हणजे लाल, हसिरु म्हणजे हिरवा, हे तुला माहीतच आहे. "हौदु, लॉस केंपु" एवढं सांग. आपण तीन भाषांच्या गावात वाढलो, त्याचा असा उपयोग होतो. दिवा कुठला आणि रंग कुठला हे आधीच सांगितलं की समोरचाही नीट बोलतो. "नेट नाही हो" म्हटलं की तो आपल्याला पहिल्यापासून सगळं करायला लावतो.

सहावी विहीर मला सगळ्यात उशिरा सापडली. सगळं जोडलेलं, फोनवर पान उघडतं, पण लॅपटॉपावर दर साइट सांगते की ही जोडणी सुरक्षित नाही. मग तारीख बघ. जुन्या लॅपटॉपाच्या आत घड्याळासाठी एक छोटी बॅटरी असते, बऱ्याचदा रुपयाच्या नाण्यासारखी. ती संपली की लॅपटॉप बंद केल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. साइटच्या ओळखपत्राला मुदत असते, आणि लॅपटॉपाला वाटतं ती मुदत अजून सुरूच झालेली नाही. तारीख-वेळ नीट कर, पान उघडेल. ती बॅटरी मात्र बदलून घे, नाहीतर रोजचं रडणं. आणखी एक. लॅपटॉपात विंडोज दहा असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला नेहमीचे फुकट सुरक्षा-अपडेट मिळत नाहीत. अकरा चढतंय का ते विचारून घे.

हे झालं पाणी येण्याचं. आता पाणी कुणाच्या हाती, तेही सांगते, कारण मला खरं बोलायचंय ते याच्यावर.

आमच्याकडे नेट जोडायला आला त्या पोरानं पासवर्ड काय ठेवला असेल? आमच्या यांचा मोबाइल नंबर. म्हणाला, लक्षात राहील. लक्षात राहिला, सगळ्या गल्लीच्या. महिना संपायच्या आत नेट गोगलगाय व्हायचं. बघते तर आमच्या कट्ट्यावर बसून चार पोरं मॅच बघतायत, आमच्याच वायफायवर. मी त्यांना चहा दिला आणि त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला.

हे नुसतं डेटा संपण्यापुरतं नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या थोडंच आधी एक धमकीचा ईमेल गेला होता. पोलिस माग काढत पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या घरी. त्यानं काही केलं नव्हतं. त्याचं वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. बाहेरच्या जगाला पेटीचा पत्ता दिसतो, कट्ट्यावर कोण बसलंय ते दिसत नाही. पुढच्या वर्षी दूरसंचार खात्यानं वायफायला कुलूप घालण्याबद्दल सूचनाही काढल्या. तेव्हा दाराला कडी लावतेस तशी वायफायलाही लाव.

कशी, ते ऐक. वायफायला जोडलेली असताना ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असं टाक. बऱ्याच पेट्यांचं पान तिथे उघडतं. नाही उघडलं तर स्टिकरवर पत्ता असतो. तिथे आत शिरायचा पासवर्ड वेगळा, तोही स्टिकरवर. पहिल्यांदा तोच बदल, कारण एकाच जातीच्या कितीतरी पेट्यांना तो सारखाच असतो. मग वायफायचा बदल. सुरक्षेच्या जागी "डब्ल्यूपीए३" असेल तर ते निवड. तुझा जुना लॅपटॉप त्याला जोडला नाही तर "डब्ल्यूपीए२" ठेव, तेही चालतं. "डब्ल्यूईपी" दिसलं तर हात लावू नको, ते कुलूप फार वर्षांपूर्वी फुटलंय. पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतो, तू वीसचा ठेव. घरातल्या चार वस्तू घे ज्यांचा एकमेकींशी संबंध नाही, त्यांची नावं सलग लिही आणि मध्ये एखादा आकडा घाल. आईचं नाव, जन्मसाल, गाडीचा नंबर, यांतलं काही नको.

आणि वायफायला स्वतःचं नाव देऊ नको. तुझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी हौसेनं लेकीचं नाव दिलंय, मला माहीत आहे. पण रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर ते नाव उमटतं, आणि ती कुठल्या घरात राहते ते कळतं. फोनच्या हॉटस्पॉटचंही तसंच. उदगीरच्या बसमध्ये हॉटस्पॉट चालू केलास आणि त्यावर तुझं पूर्ण नाव झळकलं तर बरं दिसेल का? बदल. काहीही ठेव, "तुरीची डाळ" ठेव.

हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडलास तर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये "मीटर्ड कनेक्शन" चालू कर, नाहीतर विंडोज गुपचूप अपडेट ओढून दिवसभराचा डेटा एका बैठकीत संपवेल. बाहेरच्या कुठल्याही वायफायवर "पब्लिक" हाच पर्याय ठेव, म्हणजे आजूबाजूच्या लॅपटॉपांना तुझा दिसत नाही. आणि ऑप्शन एंट्रीसारखं महत्त्वाचं काम, ओटीपी, बँक, हे शक्यतो घरच्या वायफायवर किंवा स्वतःच्या डेटावर. झेरॉक्सच्या दुकानात बसून, त्याच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून नाही. आपल्या भागाच्या आरक्षणाच्या ३७१-जे दाखल्यासाठी किती हेलपाटे घातलेस ते मी बघितलंय. एवढ्या कष्टानं मिळवलेली जागा दुसऱ्याच्या कीबोर्डवर कशाला ठेवायची?

तू म्हणशील, दादा आहे ना, तो बघतो सगळं. बघू दे. पण परवा दादा पुण्याला गेला आणि पेटीचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, म्हणून तर तू रडत होतीस. आपल्या घरांत तिजोरीची किल्ली कुणाकडे असते हे आपण लहानपणापासून बघत आलोय. नेटचीही तशीच एकाच्या खिशात जाते, आणि बाकीच्यांना वाटतं आपल्याला यातलं काही कळत नाही. कळायला त्यात आहे काय? सहा विहिरी, आणि वाकून बघायची तयारी.

तेव्हा आज संध्याकाळी एक कर. पेटी उतरव, स्टिकरवरचं सगळं वहीत लिहून घे. पासवर्ड बदल. आणि बदललास की पहिल्यांदा तुझ्या लॅपटॉपात नको, आईच्या फोनमध्ये घाल. ती दोन वर्षं मामाशी व्हिडिओवर बोलायला दादाची वाट बघते, तुझ्या लक्षात आलंय का? तिच्या हातानं घालू दे, डोळ्याची खूण तिला दाखव, चुकली तर परत घालू दे.

ऑप्शन एंट्री झाली की फोन कर. आणि अडली, तरी कर. फक्त "लागेना" म्हणू नको. कितव्या विहिरीत आहेस तेवढं सांग, बाकीचं मी भाकरी थापता थापता सांगेन.